चौकश्या 64, प्रवेश 3

"एसी आणि फ्रिज दुरुस्तीच्या कामात मला 14 वर्षं झाली. आता तीन महिन्यांचा प्रशिक्षण वर्ग सुरू करायचा आहे. 30 जण बसतील असा हॉल बघून ठेवलाय, अनामत अजून दिलेली नाही. सरावासाठी चार एसी आहेत. पत्रकं वाटली, सोशल मीडियावर जाहिरात केली. दीड महिन्यात 64 जणांनी चौकशी केली, 11 जण येऊन बोलून गेले, पैसे भरले फक्त तिघांनी. तीन आठवड्यांनी, उन्हाळा लागतानाच, वर्ग सुरू करायचं ठरवलंय. फी 30 टक्क्यांनी कमी करू का? एक मित्र म्हणतो, 'नोकरीची हमी' असं छाप, रांग लागेल. दुसरा म्हणतो, सगळं ऑनलाइनच कर. काय करावं?"

नमस्कार.

फी कमी करू नका, हमी छापू नका, आणि तीन आठवड्यांनी वर्ग सुरूही करू नका. अनामत दिली नाहीत हे बरं झालं. या तिन्हींची कारणं पुढे येतीलच. पण आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू, कारण त्यांत बरंच काही दिसतंय.

64 जणांनी फोन केला म्हणजे जाहिरात चालली. ती आणखी वाढवून काही होणार नाही, गळकी बादली मोठ्या नळाखाली धरल्यासारखं होईल. 64 मधले 53 जण फोनवरच गळाले. आलेल्या 11 मधले 8 जण बोलून गेले ते परत आले नाहीत. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं फोनवर तुम्ही काय बोलता त्याचं, दुसरं आलेल्या माणसाला तुम्ही काय दाखवता त्याचं. फी जास्त आहे हे तिसरं कारण असू शकतं, पण पहिली दोन तपासल्याशिवाय ते मान्य करायची घाई नको. "महाग आहे" हे माणूस सगळ्यात सोपं म्हणून सांगतो. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की पैसे भरून हाती काय लागणार, हे त्याला कळलेलंच नसतं.

तुमचं पत्रक पत्रासोबत होतं. त्यावर लिहिलंय, "एसी, फ्रिज दुरुस्तीचा संपूर्ण कोर्स, थिअरी व प्रॅक्टिकल, प्रमाणपत्र मिळेल". यात शिकणाऱ्याला काय करता येईल याबद्दल एक अक्षर नाही. त्याऐवजी असं वाक्य लागतं: "12 आठवड्यांनी तुम्ही एका मदतनिसाला सोबत घेऊन स्प्लिट एसी बसवाल, नळ्या जोडून गळती तपासाल, व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून, तो चालू करून द्याल, आणि बंद पडलेल्या एसीत दोष विजेचा आहे की गॅसचा, हे मीटर लावून सांगाल." हे वाक्य लिहायला बसलात की लक्षात येईल, फ्रिज, कार एसी, कोल्ड स्टोरेज हे सगळं तीन महिन्यांत कोंबता येत नाही. मग कोंबू नका. पहिल्या वर्गात स्प्लिट एसी, बस्स.

आता हे वाक्य तुमच्या मनाने ठरवायचं नाही. ज्यांच्याकडे ही मुलं कामाला लागणार, त्यांच्याकडे जा: एसी विकून बसवून देणारे, वार्षिक देखभालीचे ठेके घेणारे, मोठ्या इमारतींची यंत्रणा सांभाळणारे, सुट्या भागांचे विक्रेते. दहा जण पुरेत. त्यांना "कोर्समध्ये काय हवं?" असं विचारू नका, त्यावर सगळे "सगळंच हवं" म्हणतात. विचारायचं ते असं: "गेल्या महिन्यात कुठल्या कामांवर तुमच्या माणसाला दुसऱ्यांदा जावं लागलं?" या प्रश्नाला खरी उत्तरं येतात. फ्लेअर, म्हणजे जोडणीसाठी फुलवलेलं पाइपाचं तोंड, गळला, गॅस अंदाजाने भरला, ड्रेनच्या पाइपला उतार नव्हता म्हणून पाणी खोलीत आलं, कपॅसिटर (कॉम्प्रेसर चालू करायला मदत करणारा छोटा विजेचा भाग) गेलेला असताना कॉम्प्रेसर बदलायला सांगितला. दहा जणांकडून अशी 30-40 उत्तरं जमली की त्यांत सात-आठ गोष्टी पुन्हा पुन्हा येतील. तुमचा अभ्यासक्रम त्या सात-आठ गोष्टींभोवती उभा राहतो. शिवाय हेच दहा जण उद्या तुमची मुलं कामाला घेणार आणि आपले मदतनीस तुमच्याकडे शिकायला पाठवणार. त्यांच्याकडे जाहिरात घेऊन गेलात तर चहा पाजून वाटेला लावतील. प्रश्न घेऊन गेलात तर तासभर बोलतील.

आता 30 जणांच्या हॉलचं. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, 12 आठवडे धरले तर 72 तास होतात. दोन तृतीयांश वेळ हाताने काम करायला दिलात, म्हणजे 48 तास. चार एसी म्हणजे यंत्राचे एकूण 192 तास. 30 जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात 6.4 तास. तीन महिन्यांत साडेसहा तासही हातात पाना न धरलेल्या माणसाला तुम्ही तंत्रज्ञ म्हणणार? आठ जण घेतलेत तर प्रत्येकाला 24 तास मिळतात. आणि एका यंत्रावर दोघं असले तरी दुसरा रिकामा बसत नाही. एक करतो, दुसरा हातात तपासयादी घेऊन चुका टिपतो, मग अदलाबदल. दुसऱ्याची चूक पकडताना माणूस जेवढं शिकतो तेवढं नुसतं ऐकून शिकत नाही. तिघं असतील तर मात्र तिसरा मोबाइल काढतो.

तेव्हा आठ. आणि आता पैशाचं गणित, कारण तुम्ही मनात म्हणाल की आठ जणांत परवडणार कसं. आकडे सोपे राहावेत म्हणून एका विद्यार्थ्याची फी 100 धरू. बाकी खर्च त्याच मापात, नमुन्यादाखल. तुमचे आकडे घालून गणित पुन्हा करा. माणशी लागणारा माल, म्हणजे कॉपरचा पाइप, ब्रेझिंगच्या (नळ्या तापवून सांधायच्या) काड्या, नायट्रोजन, गॅस, नट, हातमोजे: 22. म्हणजे प्रत्येकामागे उरतात 78. एका बॅचचा ठरलेला खर्च असा: जागा 280, मदतनीस 160, वीज आणि विमा 60, अवजारांची झीज 60, जाहिरात-छपाई 40, एकूण 600. 600 ला 78 ने भागलं की 7.7. आठव्या माणसाने खर्च भरून निघतो आणि उरतात 24. तुमच्या मेहनतीचा मोबदला यात धरलेलाच नाही.

फी 70 केलीत तर? माल 22 चाच लागतो. माणशी उरतात 48. 600 भागिले 48, म्हणजे 12.5, म्हणजे 13 जण लागणार. चार यंत्रांवर तिघं-तिघं कोंबले तरी 12 च मावतात. 30 टक्के सूट दिल्याने तुमचा वर्ग भरूनही तोट्यात जातो.

वाट आहे ती दुसऱ्या बॅचची. त्याच जागेत सकाळी आठ, संध्याकाळी आठ. जागेचं भाडं एकदाच 280, मदतनीस 320, वीज-विमा 80, झीज 100, जाहिरात 60, एकूण 840. 16 जणांचे 78 प्रमाणे 1248. हाती राहतात 408. हेच फी 70 वर केलंत तर 768 जमतात आणि 72 खिशातून जातात. 30 जणांची एकच बॅच कागदावर याहून कितीतरी जास्त देते, आम्हाला दिसतंय ते. पण ती एकदाच देते. साडेसहा तासांचा सराव झालेली 30 माणसं बाजारात फिरू लागली की पुढच्या बॅचची जाहिरात तीच करतात, आणि ती कशी असेल ते सांगायला नको.

पहिली बॅच मात्र एकच, आठांची. त्यात तुमच्या हाती जवळपास काही उरणार नाही हे आत्ताच मान्य करा. मदतनीस तयार होईपर्यंत दुसरी बॅच काढू नका, नाहीतर सकाळचा वर्ग तुम्ही शिकवाल आणि संध्याकाळचा कोणीच शिकवणार नाही.

वेळेबद्दल. उन्हाळा लागताना वर्ग सुरू करणं म्हणजे तुमच्याच गिऱ्हाइकांच्या फोनने तो बंद पाडणं. त्या महिन्यांत रोज दहा ठिकाणांहून बोलावणं येणार, तुम्ही "आजचा वर्ग उद्या घेऊ" म्हणणार. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा निम्मे जण येत नाहीत. शिवाय जे आधीच मदतनीस म्हणून कामाला आहेत, आणि तेच तुमचे सगळ्यात पक्के विद्यार्थी आहेत, त्यांना त्या दिवसांत मालक सोडणार नाही. तेव्हा त्यांच्यासाठीची बॅच हंगाम ओसरल्यावर. अगदी नवख्यांसाठीची बॅच अशी बेतायची की ती पुढच्या हंगामाच्या चार आठवडे आधी संपेल, कारण माणसं तेव्हा घेतली जातात. 12 अधिक 4, म्हणजे हंगाम लागायच्या 16 आठवडे आधी सुरुवात.

मधले महिने फुकट जात नाहीत. कामावर जाल तिथून मालकाला विचारून जळालेले कपॅसिटर, करपलेले पीसीबी (सर्किट बोर्ड), तडकलेले फ्लेअर, तुंबलेल्या कॅपिलरी (गॅसच्या अगदी बारीक नळ्या) आणून ठेवा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: तक्रार काय होती, मोजमाप काय आलं, खरा दोष काय निघाला. 40-50 वस्तूंचा असा संग्रह झाला की कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा तो जास्त शिकवतो.

आता ते 8 जण, जे येऊन गेले आणि परतले नाहीत. त्यांनी काय पाहिलं? एका कोपऱ्यात चार एसी, आणि खुर्चीवर बसून कोर्सची माहिती सांगणारे तुम्ही. यापुढे कोणालाही "कधीही या" म्हणू नका. महिन्यातून दोन ठरलेले दिवस खुलं सत्र, दीड तास, जास्तीत जास्त आठ जण, आणि त्या दीड तासात प्रत्येकाच्या हातून एक काम झालंच पाहिजे. त्यासाठी फ्लेअरसारखं दुसरं काम नाही. अवजार थोडं, धोका कमी, आणि चूक डोळ्यांना दिसते.

प्रत्येकाला वीतभर पाव इंची कॉपर पाइप द्या. कटरने कापायला लावा. कटर एकदम आवळला की पाइप चपटतो. थोडं आवळ, एक फेरा, पुन्हा थोडं आवळ. मग कापताना आत वळलेली धार रीमरने काढायची, आणि ती काढताना पाइपाचं तोंड खाली धरायचं म्हणजे चुरा आत पडत नाही. मग फ्लेअर काढायचा. इथे आठातले निदान तिघं-चौघं नट आधी पाइपात घालायला विसरतील आणि फ्लेअर झाल्यावर नट हातात धरून उभे राहतील. विसरू द्या. आधी सांगू नका. ही चूक त्यांना आयुष्यभर लक्षात राहते, आणि आपण इथे काहीतरी शिकलो ही भावनाही तिथेच तयार होते. मग जोडणी करून तुम्ही स्वतः रेग्युलेटर लावून थोडा नायट्रोजन सोडा आणि साबणाचं पाणी ब्रशने लावा. ज्याने धार काढली नाही त्याच्याकडे बुडबुडे येतात. त्याला दुसरा पाइप द्या. दुसऱ्या वेळी बुडबुडा येत नाही. टॉर्क पानाही, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, तेव्हाच दाखवा: पाव इंची नट साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटरवर बसतो, हाताच्या जोराने आवळला की एक तर गळतो नाही तर फ्लेअर चिरतो. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी, पाहुण्यांनासुद्धा सांगा.

टेबलावर आणखी एक गोष्ट ठेवा. ब्रेझिंग केलेले दोन सांधे, उभे चिरलेले. एक नायट्रोजन आतून सोडत केलेला, आतून स्वच्छ तांब्याचा. दुसरा तसाच केलेला, आत काळी खपली. ती खपली सुटून कॅपिलरीत अडकते आणि सहा महिन्यांनी एसी थंड करत नाही. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच दिसतात. हे दोन तुकडे हातात घेतले की फी कशाची आहे ते न सांगता कळतं.

दीड तास संपल्यावर भाषण नको. तारीख, वेळ, फी, हप्ते लिहिलेला एक कागद द्या आणि "आठ जागा आहेत, इतक्या भरल्यात" एवढं खरं-खरं सांगा. खोटं "शेवटच्या दोन जागा" सांगितलेलं आठवड्याभरात उघडं पडतं.

फोनचं थोडक्यात. फोन आला की माहिती ओतायला सुरुवात करू नका. तीन प्रश्न विचारा: सध्या काय करता, हातात कधी अवजार धरलंय का, दिवसातली कुठली वेळ मोकळी असते. मग ते एक वाक्य, की 12 आठवड्यांनी काय येईल. मग दोन तारखांतली एक निवडायला सांगा: "बुधवारी संध्याकाळी येता की रविवारी सकाळी?" फी विचारली तर लगेच सांगा. "या, मग बोलू" म्हणालात की माणूस ती जास्त असणार असं धरूनच चालतो. ज्यांचा फोन घेता आला नाही त्यांना त्याच दिवशी परत करा. दोन दिवसांनी केलात तर त्याने दुसरीकडे विचारलेलं असतं. वही ठेवा. तारीख, कुठून कळलं, सध्याचं काम, काय विचारलं, पुढे काय आणि कधी. एका माणसाला तीन वेळा फोन, त्यानंतर नाही. महिन्याने ती वही वाचलीत की पत्रकांवरचा पैसा चालू ठेवायचा की नाही ते आपोआप ठरेल. बहुधा "कुठून कळलं" या रकान्यात ओळखीच्या तंत्रज्ञाचं किंवा सुट्या भागांच्या विक्रेत्याचं नाव जास्त वेळा दिसेल.

शिकवण्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण खरा धोका तिथेच आहे. 14 वर्षं काम केलेल्या माणसाचे हात डोक्याच्या पुढे चालतात. तुम्ही करताना बरोबर करता, सांगताना निम्मं वगळता, आणि वगळलंय हे तुम्हाला कळतही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेला कारखान्यांत नवखी माणसं झपाट्याने तयार करायची होती. तेव्हा, 1940 मध्ये, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुकादमांना काम शिकवण्याच्या चार पायऱ्या शिकवल्या: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि नंतर पाठपुरावा. आजही हाताच्या कामाला याहून सुटसुटीत पद्धत नाही. त्यासाठी आधी प्रत्येक कामाचा एक कागद करावा लागतो, तीन रकान्यांचा: पायरी, त्यातली मेख, आणि कारण.

व्हॅक्यूमचा कागद करून बघू. पायरी: पंप लावणं. मेख: वेळ बघायची नाही, मायक्रॉन गेज, म्हणजे अगदी कमी दाब मोजणारं मीटर, बघायचा, 500 मायक्रॉनच्या खाली आणायचं. कारण: त्या दाबाला पाणी उणे 24 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून नळीतला ओलावा वाफ होऊन निघून जातो, साध्या मॅनिफोल्ड गेजवर हा फरक दिसतच नाही. पुढची पायरी: व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करणं. मेख: दहा मिनिटं काट्यावर नजर. कारण: आकडा वाढून एका जागी थांबला तर आत ओलावा आहे, वाढतच राहिला तर गळती आहे. बघा, "वीस मिनिटं पंप लाव" असं शिकलेला मुलगा आणि हे शिकलेला मुलगा यांच्या कामात केवढा फरक पडणार. असे 25 ते 30 कागद झाले की तुमचा अभ्यासक्रम तयार, मदतनिसाला शिकवायचं साधन तयार, आणि तपासयाद्याही त्यातूनच निघतात.

परीक्षा लेखी घेऊ नका, किंवा घेतलीत तर तिच्यावर पास-नापास ठरवू नका. प्रमाणपत्रावर "उत्तम" असा शेरा लिहिण्याऐवजी मागच्या बाजूला कामांची यादी छापा आणि विद्यार्थ्याने जे काम कोणाच्या मदतीशिवाय दोनदा बरोबर केलं त्यापुढेच सही करा. जे आलं नाही तिथे जागा कोरी. ठेकेदाराला असा कागद उपयोगी पडतो. सोनेरी किनारीचा पडत नाही.

अभ्यासक्रम ठरवताना आजचा गॅस डोळ्यांपुढे ठेवा. ओझोनच्या थरासाठी 1987 चा मॉन्ट्रियल करार झाला, त्यातून आर-22 हा एसीतला जुना गॅस मागे पडत गेला. 2016 च्या किगाली दुरुस्तीने आर-410ए सारखे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या गॅसांपैकी आर-32 थोडा ज्वलनशील आहे, आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. म्हणजे तुमच्या वर्गात खेळती हवा, अग्निशामक, आणि "आत गॅस असताना ब्रेझिंग नाही" हा नियम पहिल्या आठवड्यापासून लागतो. आर-410ए हे मिश्रण असल्यामुळे तो द्रव रूपातच आणि वजनकाट्यावर भरायचा, हे आर-22 वर हात बसलेल्या जुन्या कारागिरांकडून हमखास चुकतं. सरावातला गॅस हवेत सोडू नका. कित्येक देशांत तो गुन्हा आहे, आणि गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घेणारं रिकव्हरी मशीन वापरता येणं हे आता स्वतंत्र कौशल्य झालंय. गॅस हाताळायला आणि असा वर्ग चालवायला तुमच्याकडे कोणता परवाना, कोणता विमा लागतो, ते जागा घेण्याआधी लेखी विचारून घ्या. उंचीवरच्या कामाचा सराव देणार असाल तर सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायची पक्की जागा नसलेला हॉल चालणार नाही.

नोकरीच्या हमीचं. हमी म्हणजे वचन, आणि नोकरी देणं तुमच्या हातात नाही. एकाला नाही मिळाली तरी त्याचं म्हणणं खरं आणि तुमचं खोटं ठरतं. त्याऐवजी जे तुमच्या हातात आहे ते लिहा: शेवटच्या आठवड्यात त्या दहा मालकांपैकी निदान चौघं वर्गात येतील आणि मुलांना काम करताना बघतील. मालकाला मुलाखतीपेक्षा हे आवडतं. बॅच संपल्यावर 30 व्या आणि 90 व्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करा: काम मिळालं का, वर्गात शिकलेलं कुठलं काम प्रत्यक्ष करता, काय अडलं. मालकालाही विचारा, याच्या कामावर परत जावं लागतं का. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, आलं का, कामावर वापरलं का, आणि त्याने काही फरक पडला का. शेवटच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्रायाचा फॉर्म पहिल्या पातळीवरच थांबतो, वरच्या दोन या फोनमधून कळतात. "8 जणांपैकी 6 जण 90 दिवसांनी याच कामात आहेत" असं वाक्य, तुमच्या खऱ्या आकड्यांचं, पुढच्या पत्रकावर आलं की हमीची गरज उरत नाही. आकडा 3 निघाला तर तोही लपवू नका; आधी काय अडलं ते दुरुस्त करा आणि मग छापा.

फी तीन हप्त्यांत घ्या: प्रवेशाला 40, पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला 30, नवव्याच्या सुरुवातीला 30. सगळी आधी घेतली तर लोक बिचकतात, सगळी नंतर ठेवली तर आठव्या आठवड्यात कोणी ना कोणी गायब होतो. पहिले तीन वर्ग बघून नको वाटलं तर मालाचे पैसे कापून बाकी परत, हे पावतीवरच छापा. ज्याचं शिकवणं बरं आहे त्याच्याकडे पैसे परत मागणारे फारसे निघत नाहीत.

ऑनलाइनबद्दल दुसऱ्या मित्राचं अर्धं खरं आहे. हाताचं काम पडद्यावर येत नाही. पण वायरिंगची आकृती वाचणं, गॅसचा फेरा समजणं, झालेल्या कामाची उजळणी, यासाठी तीन ते पाच मिनिटांचे छोटे व्हिडिओ फार कामाचे. एका व्हिडिओत एकच दोष घ्या. उदाहरणार्थ: सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब कमी, इनडोअर कॉइलवर बर्फ, सगळे म्हणतात गॅस कमी आहे, फिल्टर काढून दाखवा, धुळीने बुजलेला, तो धुतला की दाब जागेवर येतो. आठवड्याला असा एक व्हिडिओ टाकलात तर पत्रकांची गरजच कमी होईल. व्हिडिओत शेवटी जाहिरात करू नका, फक्त पुढच्या खुल्या सत्राची तारीख लिहा.

आणि ते तिघं, ज्यांनी पैसे भरलेत. त्यांना हे वाचून झाल्यावर लगेच फोन करा, मेसेज नको. वर्ग पुढे ढकललाय, कारण 30 ऐवजी आठच जण घेणार आहोत, असं सरळ सांगा आणि पैसे परत घ्यायचा पर्याय तुम्हीच आधी काढा. थांबायला तयार असलेल्याची फी जुन्याच दराने पक्की करा, आणि हंगामात तुमच्यासोबत मदतनीस म्हणून यायचंय का ते विचारा, रोजाने. तिघांपैकी एक जरी आला तरी दुसऱ्या बॅचचा मदतनीस कदाचित तिथेच मिळेल.